क्वीन अँड कंट्री: माणसं ओळखू येईनात, क्रम लागेना

रातकिडा

ग्रेग रकाच्या 'क्वीन अँड कंट्री' या हेरकथांच्या कॉमिक मालिकेचा डेफिनिटिव्ह एडिशनमधला पहिला खंड (अंक १ ते १२) वाचून झाला. सुरुवात जबरदस्त आहे. एमआय-६ या ब्रिटिश हेरखात्याच्या स्पेशल सेक्शनमधली तारा चेस कोसोवोत एका रशियन जनरलला टिपते, पायाला जखम घेऊन तिथून निसटते, आणि त्या गोळीचं उट्टं थेट लंडनमध्ये निघतं. पण पुढे गाडी अडखळायला लागली. तीन अडचणी आहेत, जाणकारांनी मार्ग दाखवावा.

एक, दर कथेला चित्रकार बदलतो. 'क्रिस्टल बॉल' सुरू झाल्यावर वॉलेस कोण आणि किटरिंग कोण हे कळायलाच बरीच पानं गेली. दोन, निम्मी पानं सूटबूटवाले लोक एकमेकांच्या केबिनमध्ये जाऊन वाद घालतात. कोण कोणाचा साहेब, कोण कोणाला अडवू शकतो, हे डोक्यात बसत नाही. तीन, याच पात्रांवर रकाच्या कादंबऱ्याही आहेत आणि 'डीक्लासिफाइड' नावाची वेगळी उपमालिकाही. त्या मध्येच वाचायच्या, की शेवटी? की सोडून दिल्या तरी चालतात?

दुसऱ्या खंडापासून पुढचे स्पॉयलर कृपया टाळा.

कचेरीकर

दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण ती सुटली की पहिली आपोआप निम्मी होते.

या मालिकेत चेहरा नंतर बघायचा, हुद्दा आधी. सगळ्यात वर 'सी', म्हणजे सर विल्सन स्टँटन डेव्हिस. (एमआय-६ च्या प्रमुखाला 'सी' म्हणण्याची खरीच प्रथा आहे. पहिले प्रमुख मॅन्सफील्ड स्मिथ-कमिंग हिरव्या शाईने 'सी' एवढीच सही करत, तेव्हापासूनची.) त्याच्या खाली उपप्रमुख डोनाल्ड वेल्डन. वेल्डनच्या हाताखाली दोन संचालक: माहितीचं विश्लेषण बघणारा डी-इंट, म्हणजे सायमन रेबर्न, आणि प्रत्यक्ष कारवाया चालवणारा डी-ऑप्स, म्हणजे पॉल क्रॉकर. क्रॉकरच्या थेट ताब्यात स्पेशल सेक्शन, आणि त्यात माणसं फक्त तीन, त्यांना 'माइंडर' म्हणतात. माइंडर वन टॉम वॉलेस, माइंडर टू चेस, माइंडर थ्री एडवर्ड किटरिंग. आकडा सेवाज्येष्ठतेचा आहे. वरचा गेला की खालचा वर सरकतो आणि तळाला नवा माणूस येतो. हे लक्षात ठेवा, दुसऱ्या खंडात उपयोगी पडेल.

इमारतीबाहेरचे तिघे महत्त्वाचे. परराष्ट्र खात्याचे कायम सचिव सर वॉल्टर सेकोम्ब, सीआयएची लंडनमधली प्रमुख अँजेला चेंग, आणि एमआय-५ चा डेव्हिड किनी. एमआय-५ ला ही मंडळी 'द बॉक्स' म्हणतात. त्या खात्याचा जुना टपाल पत्ता पोस्ट बॉक्स ५०० असा होता. आपल्याकडच्या हिशेबाने एमआय-६ म्हणजे रॉ आणि एमआय-५ म्हणजे आयबी. फरक इतकाच की रॉ कॅबिनेट सचिवालयाखाली येते, तर एमआय-६ परराष्ट्रमंत्र्याला उत्तरदायी असते. म्हणून क्रॉकरची सगळी डोकेदुखी परराष्ट्र खात्याच्या दारात जमा होते. १९९४ च्या इंटेलिजन्स सर्व्हिसेस अ‍ॅक्टचं सातवं कलम असं आहे की देशाबाहेर एरवी गुन्हा ठरेल असं कृत्य मंत्र्याच्या सहीने करता येतं. ती सही मिळवण्याची धडपड हेच या मालिकेचं अर्ध कथानक.

आता पहिली कथा, 'ब्रोकन ग्राउंड' (अंक १ ते ४), या नजरेने परत चाळा. जनरल मार्कोव्स्कीला मारणं ही ब्रिटनची गरज नाहीच. ती सीआयएची उसनवारी आहे. अमेरिकी हेरखात्यांना १९८१ च्या कार्यकारी आदेश १२३३३ ने राजकीय हत्या करायला मनाई आहे, त्यामुळे असली विनंती मित्राकडे येते हे पटतं. क्रॉकर हो म्हणतो, कारण उद्या त्याला चेंगकडून माहिती हवी असणार. पुढे व्हॉक्सहॉल क्रॉसच्या इमारतीवर, म्हणजे एमआय-६ च्या लंडनमधल्या मुख्यालयावर, हल्ला होतो आणि प्रकरण देशाच्या आत येतं. देशाच्या आत राज्य किनीचं! त्यामुळे जिच्यावर बक्षीस लागलंय ती चेस लंडनमध्ये हत्याराविना फिरते आणि दोन खाती हद्दीवरून भांडत बसतात. केबिनमधली ती पानं घाईने उलटली तर शेवटची चकमक नुसती मारामारी वाटते. ती नीट वाचली तर प्रत्येक गोळीमागे कोणाचा नकार आहे ते दिसतं.

जाता जाता, इमारतीवरचा हल्ला हवेतून आलेला नाही. २० सप्टेंबर २००० ला खऱ्या इमारतीवर रशियन बनावटीच्या आरपीजी-२२ मधून रॉकेट डागलं गेलं होतं. आठव्या मजल्यावर किरकोळ नुकसान झालं, संशय 'रिअल आयआरए' या आयरिश सशस्त्र गटावर होता. मालिकेचा पहिला अंक २००१ चा.

शाईदौत

कचेरीकर यांना +१. चित्रकारांचं मी सांगते.

स्टीव्ह रॉल्स्टन (१ ते ४) याची रेघ स्वच्छ, चेहरे गोलसर, जवळजवळ व्यंगचित्राकडे झुकणारे. बऱ्याच जणांना हे हेरकथेला शोभत नाही असं वाटतं. मला उलट वाटतं. एवढ्या साध्या, निरागस रेघेत बंदूक आली की ती जास्त टोचते. ब्रायन हर्ट ('मॉर्निंगस्टार', ५ ते ७) त्याच्या सगळ्यात जवळचा, म्हणून तिथे अडखळायला होत नाही. लिअँड्रो फर्नांडेझ ('क्रिस्टल बॉल', ८ ते १२) आला की काळ्या सावल्यांचे पट्टे येतात, जबडे चौकोनी होतात, आणि चेसची अंगकाठी अचानक पोस्टरवरच्या नटीसारखी होते. पहिल्या सात अंकांत जी बाई थकलेली, सिगारेट ओढणारी, साधे कपडे घालणारी होती तिला असं रंगवणं हा मालिकेतला सगळ्यात मोठा बेसूर आहे. तुमची अडचण तिथेच सुरू झाली यात नवल नाही.

पुढचा अंदाज देते, यात कथानक फुटत नाही. 'ब्लॅकवॉल' (१३ ते १५) जेसन अलेक्झांडरची. खरबरीत ब्रश, शाईचे शिंतोडे, अर्धा चेहरा अंधारात. ओळख पटवायला हीच सगळ्यात अवघड, पण लांबी फक्त तीन अंकांची. 'स्टॉर्मफ्रंट' (१६ ते २०) कार्ला स्पीड मॅकनीलची. माझ्या मते मालिकेतला उत्तम अभिनय हिच्या चित्रांत आहे; भुवई, खांदा, ग्लास धरलेला हात, सगळं बोलतं. माइक हॉथॉर्नची 'डँडेलियन' (२१ ते २४) पुन्हा मोकळ्या रेघेकडे येते. शेवटची 'रेड पांडा' (२९ ते ३२) ख्रिस सॅमनीची. हा पुढे 'डेअरडेव्हिल'मुळे गाजला. त्याचे सपाट काळे ठोकळे बघण्यासारखे आहेत.

ओळखण्याची युक्ती: कृष्णधवल असल्यामुळे केसांकडे बघा. चेस सोनेरी केसांची, म्हणजे चित्रात डोकं जवळजवळ कोरं, शाई नसलेलं. हे बहुतेक चित्रकार पाळतात. क्रॉकर हातातल्या सिगारेटवरून सापडतो. वॉलेस आणि किटरिंग यांच्यात गोंधळ झाला तर संवाद वाचा: चेसला सल्ला देणारा वॉलेस, तिच्याभोवती घुटमळणारा किटरिंग. आणि एक अगदी साधं काम. सुट्या कथाखंडांत सुरुवातीला हुद्द्यांसह पात्रयादी दिलेली असते. तशी यादी एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात खुणेसारखी ठेवा. नवीन कथा सुरू झाली की पहिल्या आठ-दहा पानांत कोणी कोणाला 'सर' म्हटलं ते बघून नावं जुळवा. रका पात्रांना एकमेकांची नावं घ्यायला क्वचितच लावतो. खऱ्या कचेरीतही कोणी दर वाक्याला नाव घेत नाही, पण वाचकाची त्यात पंचाईत होते.

तिरकस_चौकट

थोडा विरोधी सूर लावतो. सगळे म्हणतात कचेरीची पानं म्हणजे मालिकेचा प्राण. मान्य. पण काही ठिकाणी रका त्यात फारच रमतो. 'क्रिस्टल बॉल' पाच अंकांची आहे, ती तीनमध्ये मावली असती. ११ सप्टेंबर २००१ नंतर लगेच लिहिल्यामुळे तिच्यात राग जास्त आणि गुंता कमी आहे. त्या मानाने 'मॉर्निंगस्टार' बघा. तालिबानच्या ताब्यातलं काबूल, मारल्या गेलेल्या माणसाने मागे ठेवलेली नावांची यादी, आणि चेस तिथे जाऊच शकत नाही, कारण त्या शहरात एकटी बाई दोन गल्ल्याही पार करणार नाही. तिला लंडनमध्ये मानसोपचारतज्ज्ञापुढे बसवलंय आणि मोहिमेवर वॉलेस आणि किटरिंग गेलेत. नायिकेला घरी बसवून तीन अंक काढायचे, तेही पहिल्या यशानंतर लगेच! ही हिंमत मला 'ब्रोकन ग्राउंड'मधल्या सगळ्या गोळीबारापेक्षा मोठी वाटते.

आणि हे सगळं रकाने एकट्याने शोधलेलं नाही हेही नोंदवून ठेवू. 'द सँडबॅगर्स' ही १९७८ ते १९८० मधली ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिका, एकूण २० भाग. तिच्यात डी-ऑप्स नील बर्नसाइड, त्याच्या हाताखाली मोजकी माणसं, सीआयएशी उसनवारी, परराष्ट्र खात्याशी रोजची झटापट, सगळं आहे. रका हे ऋण उघडपणे मान्य करतो. तिचा लेखक इयन मॅकिंटॉश माजी नौदल अधिकारी होता. जुलै १९७९ मध्ये अलास्काच्या आखातावर त्याचं छोटं विमान बेपत्ता झालं, तो सापडलाच नाही. 'सँडबॅगर्स'चे पहिले दोन-तीन भाग बघून मग क्रॉकर वाचलात तर त्याचा चिडका स्वर कानात आपोआप बसतो. रकाने स्वतःची भर घातली ती चेसची. बर्नसाइडच्या जगात मैदानातला माणूस ही वापरून संपवायची वस्तू होती. इथे ती वस्तू रात्री घरी जाते, पिते, झोप लागत नाही म्हणून छताकडे बघते, आणि सकाळी परत कामावर येते.

पानपलट

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही, म्हणून देतो. कथानक फोडत नाही.

आधी दुसरा खंड (१३ ते २४) उघडा, पण 'स्टॉर्मफ्रंट' संपली की थांबा. 'डँडेलियन'ला हात लावण्याआधी 'डीक्लासिफाइड'चा पहिला भाग वाचा. तो क्रॉकरच्या मैदानी दिवसांचा आहे, शीतयुद्धाच्या उतरणीला लागलेलं प्राग, चित्रं ब्रायन हर्टची. तिथल्या एका जुन्या वैराचा हिशेब 'डँडेलियन'पासून व्हॉक्सहॉल क्रॉसच्या वरच्या मजल्यावर सुरू होतो. प्राग न वाचता गेलात तर क्रॉकर एवढा का जळतोय ते कळायला उशीर लागेल. प्रकाशकाने सगळं 'डीक्लासिफाइड' चौथ्या खंडात एकत्र टाकलंय. त्यामुळे खंडांच्या आकड्याप्रमाणे वाचणाऱ्याला उत्तर आधी आणि प्रश्न नंतर मिळतो. हा त्या आवृत्तीचा खरा दोष.

'डीक्लासिफाइड'चा दुसरा भाग वॉलेसचा, हाँगकाँग चीनच्या हवाली होतानाचा, चित्रं रिक बर्चेटची. हा कधीही वाचा, पण पहिल्या कादंबरीआधी वाचलात तर बरं. तिसरा भाग रकाचा नाही, अँटनी जॉन्स्टनने लिहिलाय. (ज्याच्या 'द कोल्डेस्ट सिटी'वरून २०१७ चा 'अ‍ॅटॉमिक ब्लाँड' निघाला, तोच.) तो राहिला तरी अडत नाही.

आता कादंबऱ्या. तीन आहेत: 'अ जंटलमन्स गेम' (२००४), 'प्रायव्हेट वॉर्स' (२००५), 'द लास्ट रन' (२०१०). यातली पहिली सोडून चालणारच नाही. तिसऱ्या खंडात अंक २८ संपला की पुस्तक मिटा, 'अ जंटलमन्स गेम' वाचा, आणि मगच अंक २९ उघडा. मधलं सगळ्यात मोठं घडामोडीचं प्रकरण कादंबरीत आहे. अंक २९ वाचकाला ते माहीत आहे असं धरून चालतो. खंडात पान उलटलं की पुढचं पान येतं, मध्ये कादंबरी आहे हे ठळकपणे जाणवत नाही, आणि वाचक म्हणतो की अरे, हे काय झालं, कधी झालं? 'रेड पांडा' तुटक वाटते अशी तक्रार बहुतेक वेळा याच कारणाने असते. उरलेल्या दोन कादंबऱ्या सगळे ३२ अंक संपल्यावर, प्रकाशनाच्या क्रमाने.

पहिली कादंबरी लंडनच्या भुयारी रेल्वेवरच्या एकाच वेळच्या हल्ल्यांनी सुरू होते. पुस्तक २००४ चं, खरे हल्ले ७ जुलै २००५ चे. वाचताना तारीख डोक्यात ठेवा.

रातकिडा

मनापासून आभार, एवढं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. चिठ्ठी तयार केली. दोन उपप्रश्न. कादंबरी आणि कॉमिक यांत चेस एकच वाटते का, की वेगळीच बाई समोर येते? आणि टॅबलेटवर वाचायला कशी आहे? डेफिनिटिव्ह एडिशनचा आकार मूळ अंकांपेक्षा लहान, त्यामुळे कचेरीच्या पानांवर संवादांचे फुगे दाटीवाटीने बसलेत असं जाणवलं.

पानपलट

चेस तीच, पण अंतर बदलतं. कॉमिकमध्ये रका जवळजवळ शपथ घेतल्यासारखा विचारांचे फुगे टाळतो. निवेदनाच्या चौकटी नाहीत, चेसच्या डोक्यात काय चाललंय ते सांगितलंच जात नाही. ती काय करते तेवढं दिसतं. कादंबरीत तिच्या डोक्यात शिरता येतं, आणि क्रॉकरच्याही. म्हणून कादंबरी वाचल्यावर मागचे अंक पुन्हा चाळले तर गप्प चौकटी भरल्यासारख्या वाटतात. काहींना ते आवडत नाही. त्यांना ती गप्पच हवी असते. दोन्ही बाजू पटतात.

शाईदौत

टॅबलेटबद्दल. चौकटीमागून चौकट दाखवणारी सोय बंद ठेवा. कचेरीच्या पानांवर सहा-सात चौकटींत तोच टेबल, तेच दोघं, फक्त कोण उभं आहे आणि कोण बसलंय ते बदलतं. सुट्या चौकटीत हा खेळ मरतो. पूर्ण पान एकदम दिसायला हवं. दहा इंचांच्या पडद्यावर पान पुरतं, सातच्या पडद्यावर अलेक्झांडरचा काळा भाग नुसता चिखल होतो. स्क्रीनचा पिवळट 'रात्र' प्रकाशही बंद करा. कागद पांढरा असेल तरच चेसचे कोरे केस उठून दिसतात. छापील खंडात जाड बांधणीमुळे आतल्या कडेचे फुगे घडीत जातात. जबरदस्तीने दाबून उघडलंत तर पाठीचा डिंक सुटेल, त्यापेक्षा टेबलावर ठेवून दोन्ही बाजूंनी थोडी थोडी पानं सैल करत वाचा.

इंद्रजाली

विषय थोडा बाजूला नेतो, पण संबंध आहे. इंद्रजाल कॉमिक्समधला हेर फिल कॉरिगन वाचलेल्यांना 'क्वीन अँड कंट्री'ची लय सुरुवातीला संथ का वाटते, त्याचं कारण मांडणीत आहे.

कॉरिगन मुळात अमेरिकी वृत्तपत्रातली रोजची पट्टी. जानेवारी १९३४ मध्ये 'सीक्रेट एजंट एक्स-९' नावाने सुरू झाली, लेखन डॅशिएल हॅमेटचं, चित्रं अ‍ॅलेक्स रेमंडची. बराच काळ नायकाला धड नावच नव्हतं. फिल कॉरिगन हे नाव पुढे मेल ग्राफच्या काळात आलं. १९६७ पासून १९८० पर्यंत आर्ची गुडविन आणि अल विल्यमसन या जोडीने ती चालवली, आणि जाणकार त्याच काळाला डोक्यावर घेतात. रोज दोन-तीन चौकटी: पहिलीत कालचा धागा, शेवटचीत उद्याचं आमिष. अशा पट्ट्या कापून, चौकटी ताणून किंवा छाटून, रंग भरून इंद्रजालची पानं जुळवली जात. त्यामुळे दर दोन-तीन चौकटींनी एक छोटा झटका बसतो. 'अरे, पण तो तर...' अशा वाक्यांची रांगच लागते. तो ठेका अंगवळणी पडला की मग पूर्ण अंकाच्या हिशेबाने लिहिलेली कथा ढिली वाटायला लागते. रका बावीस-चोवीस पानं धरून बसतो आणि झटका एकदाच देतो, तोही पुष्कळदा टेलिफोनवर.

कॉरिगनला वरिष्ठ आहेत, पण ते मोहीम देतात आणि बाजूला होतात. क्रॉकर बाजूला होत नाही. तुलना करायचीच तर विल्यमसनच्या चित्रांतली आणि सॅमनीच्या चित्रांतली रात्र शेजारी ठेवून बघा. विल्यमसन बारीक रेघांनी काळोख विणतो, सॅमनी एका फटक्यात ओततो.

तिरकस_चौकट

इंद्रजाली, झटक्याचा मुद्दा पटला. पण रातकिडा, एक व्यवहाराची गोष्ट. दुसरा खंड घेण्याआधी स्वतःला तपासायचं असेल तर 'मॉर्निंगस्टार' परत वाचा, हुद्द्यांची चिठ्ठी हातात धरून. तीन अंक आहेत, तासाभराचं काम. त्यात लंडनमधली पानं काबूलच्या पानांइतकीच ओढून घेत असतील तर 'स्टॉर्मफ्रंट' तुम्हाला सोडणार नाही. काबूल कधी येतं म्हणून पानं पुढे ढकलली जात असतील तर पुढचे खंड विकत घेऊ नका, कुठे वाचायला मिळाले तर बघा. 'ब्लॅकवॉल'वरून निर्णय घेऊ नका. पॅरिस, उद्योगपती, त्याची मुलगी आणि ब्लॅकमेल असा मामला आहे, मालिकेच्या मानाने हलका, आणि चित्रं सगळ्यात अवघड.

रातकिडा

'मॉर्निंगस्टार' काढली आहे. मानसोपचारतज्ज्ञासमोर चेस जिथे प्रश्नालाच प्रश्नाने उत्तर देते, तिथे पहिल्या वाचनात काहीच घडत नाही असं वाटलं होतं. आता लक्षात येतंय की तिला मैदानात परत जायचं असेल तर त्या खोलीतून तिच्या फाइलवर 'हरकत नाही' असा शेरा मिळायला हवा, आणि ती खरं बोलली तर तो मिळणार नाही.

कचेरीकर

बरोबर पकडलंत. आता त्याच कथेत क्रॉकर त्या शेऱ्याची वाट बघत असतो ती पानं शोधा. त्याला ती बरी व्हायला हवी आहे, की मोहिमेला मोकळी व्हायला, हे रका शेवटपर्यंत सांगत नाही.